तांबडी माती, खारं पाणी आणि सोमल

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, 'विष'. सोबत अट घातली की पुस्तकांतलं नको, कुठेतरी जाऊन, बघून लिहा. मी आर्सेनिक निवडलं. जुन्या बाजारात सोमल म्हणून मिळायची ती पांढरी पूड, पोथीतला चुकलेला मजकूर झाकायला लावत तो पिवळा हरताळ आणि वैद्यांच्या खलातली तांबडी मनशीळ, ही तिन्ही आर्सेनिकचीच संयुगं.

आर्सेनिक म्हटलं की लोक बंगालकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. १९८३च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे खेड्यापाड्यांतून रुग्ण येऊ लागले. तळहात-तळपायांवर कडक गाठी, छातीपाठीवर काळेपांढरे ठिपके. हे सगळं कूपनलिकांच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढे जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगावचं पाणी, केस आणि नखं तपासून या दुखण्याचा पसारा जगापुढे आणला.

मी मात्र बंगालला गेलो नाही. वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या रस्त्याला लागलो आणि रेडीला उतरलो. आर्सेनिक मोजण्यात हयात घालवलेल्या एका निवृत्त रसायनतज्ज्ञांनी मला सांगितलं होतं की या कामात माणूस तीन ठिकाणी हमखास फसतो. पाण्यात लोखंड असलं की, नमुन्यात मीठ असलं की आणि तपासून घेणारा मासे खाणारा असला की. लोखंड, मीठ आणि मासळी एका गावच्या शिवारात बघायची, तर रेडीइतकी सोयीची जागा दुसरी कुठली?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा लेख रेडीच्या विहिरींवर आळ घेण्यासाठी नाही. देशातले आर्सेनिकचे मोठे पट्टे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या मैदानात आहेत, कोकणच्या जांभ्यात नाहीत. पण आर्सेनिकची तपासणी कशी होते, कुठे घसरते आणि कशी सावरते, हे समजून घ्यायला हे गाव उत्तम आहे.

तांबडं गाव

रेडी हे महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचं गाव. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, म्हणजे गोवा. गावाला स्वतःचा यशवंतगड आहे, माउलीचं देऊळ आहे आणि १९७६ साली खाणीत खोदताना सापडलेला द्विभुज गणपती आहे. देवसुद्धा खाणीतून निघाला, यावरून खाण या गावाच्या किती आत शिरली आहे ते कळतं. लोहखनिज खणायचं, डंपरने जेटीवर न्यायचं, बार्जमध्ये भरायचं आणि समुद्रात उभ्या असलेल्या बोटीवर चढवायचं, हा इथला कित्येक वर्षांचा धंदा. खणून झालेल्या जागी मोठाले खड्डे राहिले आणि पावसाने ते भरले. वरून पाहिलं तर निळंहिरवं पाणी आणि काठाला गंजाच्या रंगाची माती.

एका परड्यातल्या विहिरीवर म्हातारी आजी पाणी ओढत होती. पाणी कसं आहे, असं विचारल्यावर म्हणाली, "पावसात जरा तांबडा येता. फडक्यान गाळून घेतो. आमका काय जाला नाय."

तिच्या फडक्यावर उरणारा तो तांबडा गाळ म्हणजे लोखंडाची ऑक्साइडं. हेमटाइट, गोएथाइट आणि त्यांचे भाऊबंद. जांभ्यालाही तांबडा रंग देणारी हीच मंडळी. आर्सेनिकच्या गोष्टीत यांचं काम मोठं आहे, कारण लोखंडाच्या ऑक्साइडला आर्सेनिकची विलक्षण ओढ आहे. पाण्यातून जाणारं आर्सेनिक ते आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतं.

मग बंगालमध्ये घोटाळा कशामुळे झाला? तिथेही आर्सेनिक लोखंडालाच चिकटलेलं होतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोखंडाचा लेप होता आणि त्या लेपात आर्सेनिक. पण त्याच गाळात कुजलेला पालापाचोळाही गाडला गेला. खोल जमिनीत हवा नाही. अशा ठिकाणचे जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी लोखंड वापरतात. त्यात घट्ट लोखंडाचं रूप बदलून ते पाण्यात विरघळतं आणि त्याने धरून ठेवलेलं आर्सेनिकही सुटून पाण्यात येतं. वरून खोदलेली कूपनलिका नेमकी त्या पाण्यात उतरलेली असते. याउलट रेडीचा जांभा हवा खात उघड्यावर बसलेला. इथलं लोखंड गंजलेलंच असतं आणि गंजलेलं लोखंड हात सोडत नाही.

याच गुणाचा उपयोग पाणी शुद्ध करायलाही झाला. बांगलादेशी वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी लोखंडाच्या भुग्याचा थर वापरून घरगुती 'सोनो' फिल्टर बनवला आणि त्यासाठी त्यांना २००७चा ग्रेंजर पुरस्कार मिळाला. खरगपूरच्या आयआयटीने तर जांभ्याच्याच मातीवर प्रक्रिया करून गाळणी केली. पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी हातपंपाला जोडता येणारी, विजेविना चालणारी यंत्रणा उभी केली. तिच्यात गंजायला ठेवलेले असतात ते साधे लोखंडी खिळे.

बाटली भरताना

पाणी तपासायचं म्हणजे प्रयोगशाळेत यंत्र लावायचं, असं आपल्याला वाटतं. पण निकालाचं बरंवाईट बऱ्याचदा विहिरीच्या काठावरच ठरून जातं.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ते तपासले जातात. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच, म्हणजे एफटीके, वापरायला शिकवण्याची योजना आली. सामू, कठीणपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट अशा गोष्टी त्या संचातून जागेवरच कळतात. रंग बदलला की पट्टीशी ताडून पाहायचं. जिथे आर्सेनिकची शंका आहे तिथे त्याचा वेगळा संच लागतो.

आर्सेनिकचा नमुना मात्र नाजूक. लोखंड असलेलं पाणी जमिनीखालून वर येतं तेव्हा नितळ दिसतं. बाटलीत हवा लागली की काही तासांत त्यात तांबूस कण तयार होतात आणि तळाशी बसतात. पाण्यातलं आर्सेनिक त्या कणांनी ओढून घेतलेलं असतं. प्रयोगशाळेत कुणी वरचं नितळ पाणी तपासलं, तर अहवाल येतो, आर्सेनिक नाही. तो खोटा नसतो, पण तो त्या बाटलीपुरता खरा असतो. विहिरीतलं पाणी पिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून जाणती माणसं पाणी विहिरीवरच सूक्ष्म जाळीच्या फिल्टरमधून गाळतात. त्या जाळीची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही लहान. मग आम्ल टाकून लोखंड विरघळलेलंच ठेवतात. आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजायचे असतील, तर ईडीटीए नावाचं रसायन घालतात. ते लोखंडाला बांधून ठेवतं, त्यामुळे त्याला आर्सेनिकशी खेळ करता येत नाही. बाटली गडद रंगाची, बर्फाच्या पेटीत ठेवलेली. उजेड आणि ऊब मिळाली की आर्सेनिकचा एक प्रकार वाटेतच दुसऱ्यात बदलतो. रेडीहून निघालेला नमुना मुंबईला पोचेपर्यंत तोच राहिला पाहिजे, नाहीतर पुढचं लाखमोलाचं यंत्र वाया.

तीनचा आणि पाचचा

एक प्रकार दुसऱ्यात बदलतो म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. पाण्यातलं आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत असतं. प्रयोगशाळेतली माणसं त्यांना सरळ 'तीनचा' आणि 'पाचचा' म्हणतात. तीनच्याचं शास्त्रीय नाव आर्सेनाईट, पाचच्याचं आर्सेनेट. फरक आहे तो अणूच्या संयुजेचा, पण त्याचे परिणाम फार दूरवर जातात.

पाचचा दिसायला फॉस्फेटसारखा. पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेते आणि ऊर्जा साठवण्याच्या कामात तो खोट्या नाण्यासारखा शिरतो. तीनचा अधिक घातक. शरीरातल्या कित्येक विकरांना गंधकाचे हात असतात. तीनचा ते हात पकडून ठेवतो आणि विकराचं काम थांबतं. याच तीनच्याने कर्करोगाचं औषध होण्याचाही मान मिळवला आहे. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगासाठी आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे शुद्ध केलेला सोमलच, रुग्णालयांत मोजून मापून दिला जातो.

नैसर्गिक पाण्याच्या साध्या सामूला पाचच्यावर ऋण विद्युतभार असतो, तीनच्यावर मुळीच नसतो. या एका गोष्टीवर दोघांना वेगळं करण्याची सगळ्यात साधी युक्ती उभी आहे. ऋण भार धरणारी रेझीन भरलेली बोटभर नळी घ्यायची आणि विहिरीवरच पाणी तिच्यातून ढकलायचं. पाचचा नळीत अडकतो, तीनचा खाली उतरतो. दोन वेगळ्या बाटल्या भरल्या की काम झालं. वाटेत काहीही बदललं तरी कोणती बाटली कुणाची, हे आधीच ठरलेलं असतं.

याच कारणाने तीनच्याला पाण्यातून काढणं अवघड जातं. भार नाही म्हणून लोखंडावर तो पाचच्याइतका घट्ट बसत नाही. त्यासाठी आधी त्याचा पाचचा करावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे काम एका जिवाणूकडून करवून घेतलं. मोकाशी आणि किशोर पाकनीकर यांचा हा शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. मायक्रोबॅक्टेरियम लॅक्टिकम हा तो जिवाणू. विटेच्या तुकड्यांवर त्याची वस्ती वसवायची, वरून पाणी सोडायचं आणि तीनच्याचा पाचचा झाला की नेहमीच्या पद्धतींनी तो काढून टाकायचा.

हे दुखणं आपल्यापासून फार दूर नाही. मराठी मुलखाला लागून आर्सेनिकचं खरं दुखणं आहे ते कौडीकसा परिसरात. पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातला, आता मोहला-मानपूर-अंबागड चौकी या जिल्ह्यात गेलेला हा भाग गडचिरोलीच्या हद्दीजवळ आहे. दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यावर लिहिलं. तिथे गंगेचा गाळ नाही, जुने कठीण खडक आहेत, तरीही पाण्यात आर्सेनिक. गाळाच्या मैदानाबाहेर निश्चिंत राहायचं नसतं, एवढं कौडीकशाने शिकवलं.

प्रमाणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून लिटरला दहा मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली आहे. भारतीय मानकातही तेवढंच, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक दशांश ग्रॅम आर्सेनिक पडलं की पाणी त्या रेषेवर आलं. एवढंसं कसं शोधायचं, याची चटक माणसाला न्यायालयाने लावली. १८३२ साली इंग्लंडमधल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने आर्सेनिक दाखवून दिलं, पण ज्युरींपुढे येईतो पुरावा नासला आणि आरोपी सुटला. चिडलेल्या मार्शने १८३६ साली नवी रीत जाहीर केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, आर्सेनिकचा आर्सीन वायू होतो, तो तापवलेल्या काचेच्या नळीतून गेला की तिच्यावर आरशासारखा चकचकीत काळा डाग धरतो. तो डाग न्यायालयात दाखवता येत होता. आज गावात वापरतात त्या संचाचं मूळ याच कुळात आहे. फक्त काचेऐवजी पारायुक्त रसायन लावलेला कागद असतो आणि आर्सीन लागला की तो पिवळा, मग तपकिरी होतो.

मिठाचा डाव

रेडीहून शिरोडा हाकेच्या अंतरावर. १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला. वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिकवत होते. आगरात पाणी अडवून, उन्हात आटवून मीठ पिकवण्याची या किनाऱ्याची जुनी रीत. हवेत, मातीत, खाडीलगतच्या विहिरीत मीठ आहेच. आणि हेच मीठ आधुनिक यंत्राला चकवतं.

आज आर्सेनिक मोजायला सगळ्यात भरवशाचं यंत्र आयसीपी-एमएस. एका प्रयोगशाळेत ते चालताना पाहिलं. टेबलावर मावेल एवढं धूड, आत कान दुखतील असा पंप. नमुन्याचे सूक्ष्म तुषार आर्गॉन वायूच्या ज्वाळेत जातात. या ज्वाळेचं तापमान सहा ते दहा हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाइतकं किंवा त्याहून जास्त. तिथे रेणू टिकत नाही, अणू सुटे होतात, त्यांच्यावर भार येतो आणि यंत्र त्यांना वस्तुमानाप्रमाणे वेगळं करून मोजतं. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. यंत्राने ७५वर जेवढे ठोके मोजले, तेवढं आर्सेनिक.

यंत्र चालवणाऱ्या ताईंनी नेमका इथला खड्डा दाखवला. आर्गॉन ४०, मिठातलं क्लोरीन ३५. ज्वाळेच्या कडेला दोघं क्षणभर चिकटले की बेरीज ७५. यंत्राला फक्त वजन कळतं. आर्सेनिकचा एकही अणू नसलेलं मिठाचं पाणी घातलं तरी पडद्यावर आर्सेनिक दिसतं. समुद्राचं पाणी, खारट विहीर, लघवी, खारवलेली मासळी, सगळ्यांत हा धोका.

त्यावर उपाय आहेत. ज्वाळेनंतरच्या वाटेत हेलियम वायूची कोठडी ठेवतात. जोडीने आलेला कण अंगाने मोठा असल्यामुळे हेलियमला जास्त वेळा धडकतो आणि मागे पडतो, सुटा अणू पुढे निघतो. किंवा कोठडीत ऑक्सिजन सोडतात. आर्सेनिक त्याला जोडून घेतं आणि ७५चं ९१ होतं, मग ९१वर मोजायचं, तिथे ती जोडी पोचत नाही. "कुणी खाऱ्या पाण्याचा आर्सेनिक अहवाल दाखवला, तर मी आधी विचारते, क्लोराइडचं काय केलंत?" ताई म्हणाल्या. हा प्रश्न आपणही विचारू शकतो.

शेवंड आणि सुंगटां

तिसरी फसगत सगळ्यात चवदार. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपली, नारळी पुनव झाली की किनाऱ्यावर बांगडा येऊ लागतो. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, सुंगटांची आमटी, नशीब असेल तर शेवंड. एका मासेवालीला मी म्हटलं, "मावशी, माशात आर्सेनिक असतं म्हणे." तिने पाटीवरचं फडकं बाजूला करून म्हटलं, "विख असता तर आमची आजी नव्वद वर्सां जगली असती काय? बांगडो ताजो असा, घेवन जावा."

मावशीचं बरोबर होतं आणि माझंही. समुद्री मासळीत किलोला एक ते दहा मिलिग्रॅम आर्सेनिक सहज असतं, शेवंड-कुर्ल्यांत त्याहूनही जास्त सापडतं. पाण्याच्या मर्यादेशी ताडलं तर हे शेकडो पट. तरीही कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या मासे खाऊन ठणठणीत आहेत. या कोड्याचं उत्तर १९७७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात मिळालं, तेही शेवंडीतच. जॉन एडमंड्स, केविन फ्रान्सेस्कोनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शेवंडीतलं आर्सेनिक वेगळं काढलं, तेव्हा ते आर्सेनोबीटेन निघालं. यात आर्सेनिकचा अणू कार्बनच्या साखळीत इतका पक्का गुंतलेला असतो की तो कुणाला त्रास देत नाही. माणसाने खाल्लं की ते शरीरात न बदलता लघवीवाटे निघून जातं.

हे तयार होतं कसं? समुद्राच्या पाण्यात लिटरला दीड-दोन मायक्रोग्रॅम आर्सेनिक, बहुतेक पाचचं. सूक्ष्म वनस्पती ते फॉस्फेट समजून घेतात आणि चूक कळल्यासारखं त्याला कार्बनचे तुकडे जोडून निरुपद्रवी करत जातात. शेवाळात ते साखरेला जोडलेलं मिळतं, वरच्या जिवांत आर्सेनोबीटेन होतं. समुद्री मासळीतलं असेंद्रिय, म्हणजे खरं घातक आर्सेनिक एकूणाचा अगदी थोडा हिस्सा असतं. अपवादही आहेत. जपानी लोक खातात त्या हिजिकी शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने ते खाऊ नका असा सल्ला दिला. तेलकट माशांतल्या काही आर्सेनिकयुक्त स्निग्ध पदार्थांचं आणि शेवाळातल्या आर्सेनिकयुक्त साखरेचं शरीरात काय होतं, यावर शास्त्रज्ञ अजून काम करत आहेत. पण बांगडा आणि सोमल एका पंक्तीत बसवायचे नाहीत, एवढं पक्कं.

तेव्हा माशातलं आर्सेनिक मोजताना प्रकार वेगळे काढल्याशिवाय गत्यंतर नाही. इथे हाताळणी हळुवार हवी. एकूण मोजायचं तर मासा कडक नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये पार विरघळवतात. आर्सेनोबीटेन इतकं चिवट की फोडायला तापमान खूप वर न्यावं लागतं. प्रकार मोजायचे तर हे चालत नाही, त्यांची रूपं मोडतील. मग पाणी आणि मेथॅनॉल, सौम्य आम्ल किंवा पचनरसातली विकरं वापरून ती सांभाळून बाहेर काढायची.

पुढे येतो स्तंभ, तज्ज्ञांच्या भाषेत एचपीएलसीचा कॉलम. रापण ओढून झाल्यावर बायका वाळूवर बसून बांगडा, तारली, सुंगटां वेगळी करतात, तसंच काम ही बोटभर लांबीची पोलादी नळी करते. आत भरलेल्या बारीक दाण्यांवर ऋण भार असलेले प्रकार रेंगाळतात, भार नसलेले चटकन निघतात. शरीरात तयार होणारे दोन प्रकार, मोनोमिथाइल आणि डायमिथाइल आर्सेनिक, मधल्या वेळी येतात आणि पाचचा सगळ्यात शेवटी. नळीतून बाहेर पडेल तसं प्रत्येकाचं मोजमाप मागे बसलेलं आयसीपी-एमएस करतं.

यातली मेख अशी की ऋण भार धरणाऱ्या या नळीत सगळ्यात घातक तीनचा आणि सगळ्यात निरुपद्रवी आर्सेनोबीटेन जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. दोघांनाही धरायला दाण्यांकडे काही नसतं. घाईत केलेल्या तपासणीत मासे खाणाऱ्याचं आर्सेनोबीटेन सोमलाच्या खात्यावर जमा होऊ शकतं. म्हणून दुसरी, वेगळ्या भाराची नळी वापरून पडताळतात. ज्यातले प्रकार आधीच प्रमाणित आहेत असे नमुनेही सोबत चालवतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची माशाची आणि शेवंडीची पूड यासाठी जगभर वापरली जाते. शेवटी सगळ्या प्रकारांची बेरीज एकूण आकड्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली, तर काहीतरी नळीतच अडकलं किंवा आम्लात हरवलं.

लघवी, नखं आणि केस

शरीरात गेलेल्या आर्सेनिकचा माग तीन ठिकाणी लागतो. रक्तातून ते काही तासांत निघून जातं, म्हणून रक्ताची तपासणी ताज्या विषबाधेपुरतीच कामाची. लघवी गेल्या काही दिवसांचं सांगते. यकृत असेंद्रिय आर्सेनिकला आधी एक, मग दोन मिथाइल गट जोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. लघवीत साधारणपणे दोन गटवाला सगळ्यात जास्त असतो, असेंद्रिय आणि एक गटवाला कमी. हे प्रमाण माणसागणिक बदलतं आणि ज्यांच्यात एक गटवाला जास्त, त्यांना त्रासही जास्त होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

नखं आणि केस महिन्यांची नोंद ठेवतात. केराटिनात गंधक असतं आणि तीनचा गंधकाला धरतो, त्यामुळे वाढत्या नखात तो त्या त्या दिवशी जमा होत जातो. पण नख बाहेरूनही मळतं. बंगालमध्ये विहिरीच्या पाण्यानेच हात धुणाऱ्याच्या नखावरचं आर्सेनिक आतून आलेलं की वरून लागलेलं, हे ठरवायला काटेकोर धुलाई लागते. रेडीत खाणीच्या धुळीत काम करणाऱ्याचं नख घेतलं, तर पहिला तास ते स्वच्छ करण्यातच जाईल.

आता रेडीतलाच एक काल्पनिक माणूस घ्या. खाणीत काम, रोज दुपारी बांगडा. कंपनीने आरोग्य तपासणी केली आणि लघवीतलं एकूण आर्सेनिक मोजलं. आदल्या रात्री त्याने कुर्ल्या खाल्ल्या असतील, तर आकडा हजार मायक्रोग्रॅमच्या पुढेही जाऊ शकतो. डॉक्टर घाबरेल, तो घाबरेल, घरचे घाबरतील. यातलं बहुतेक कालचं जेवण आहे, हे प्रकार वेगळे केल्याशिवाय कळणार नाही. म्हणूनच कामाच्या जागेवरच्या तपासणीत एकूण आर्सेनिक पाहत नाहीत. असेंद्रिय आणि त्याचे मिथाइल प्रकार, यांचीच बेरीज पाहतात. तेवढी सोय नसेल, तर तपासणीआधी तीन-चार दिवस मासे बंद ठेवायला सांगतात. शेवाळातली साखर मोडूनही दोन गटवाला तयार होतो, म्हणून हे पथ्य प्रकार मोजतानाही उपयोगी पडतं.

कायद्याला कळलं ते

माशाच्या जोडीला भात आलाच. भातशेतीत पाणी साचतं, हवा तुटते, लोखंड विरघळतं आणि जमिनीत असेल तेवढं आर्सेनिक मोकळं होतं, तेही तीनचं. भाताचं रोप सिलिका शोषण्याच्या वाटेनेच ते आत घेतं. म्हणून गव्हापेक्षा तांदळात ते जास्त. बंगालच्या गोष्टीचं हे छोटं रूप प्रत्येक चोंढ्यात घडतं, फक्त मूळ जमिनीत आर्सेनिक किती यावर सगळं अवलंबून असतं.

कोडेक्स ही अन्नमानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिने २०१४ साली पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ती एकूण आर्सेनिकची नाही, असेंद्रिय आर्सेनिकची आहे. कायद्याने आकड्याआधी रूप लिहिलं. मासळी आणि तांदूळ एकाच आकड्याने मोजता येत नाहीत, हे त्याने मान्य केलं.

रेडीहून परतताना माझं मत पक्कं झालं होतं. आर्सेनिकच्या बाबतीत 'किती' हा अर्धाच प्रश्न आहे. तो एकट्याने विचारला, तर लोखंडाच्या पाण्यात खोटा धीर मिळतो, मिठाच्या पाण्यात खोटी भीती वाटते आणि मासे खाणाऱ्यावर नाहक आळ येतो. खाणी, खाडी आणि मासळी एकत्र असलेल्या कोकणच्या प्रत्येक गावाला हे लागू आहे, आणि उद्या कुणी तिथल्या पाण्याचा किंवा माशाचा भयंकर आकडा घेऊन आला, तर आधी प्रश्नांची यादी काढून विचारायला हवं.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. पाण्याचा अहवाल हातात आला, तर नमुना विहिरीवरच गाळून त्यात आम्ल घातलं होतं का, ते विचारा. पाणी खारट असेल, तर क्लोराइडचा अडथळा काढला का, ते विचारा. लघवीतलं आर्सेनिक तपासायचं असेल, तर तीन-चार दिवस आधीपासून मासे, कुर्ल्या, शेवाळ बंद ठेवा आणि अहवालात असेंद्रियाचा वेगळा आकडा मागा. तो नसेल, तर त्या अहवालावरून औषध घेऊ नका, आणि बांगडाही सोडू नका.